फोन वाजायच्या आधी पोटात येणारी कळ

कणकवली भागात 108 च्या रुग्णवाहिकेवर मला सात वर्षं झाली. पहिल्या पावसाळ्यात कॉलचा फोन वाजला की पोटात कळ यायची, बोटांना मुंग्या यायच्या, ओठ बधिर व्हायचे. पुढे पुढे तर फोन वाजायच्या आधीच हे सुरू व्हायचं. आता नवीन डॉक्टर गाडीवर येतात, आणि महिना-दोन महिन्यांनी एखादी हळूच विचारते, "मॅडम, तुम्हालाही असं व्हायचं?" व्हायचं. अजूनही कधी कधी होतं. तिला जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

आधी मुंग्यांचं. घाबरलं की श्वास भरभर होतो, कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, आणि त्यामुळे बोटं-ओठ बधिर होऊन डोकं हलकं वाटतं. अशा वेळी लोक "खोल श्वास घे" म्हणतात. मला ते उलट्या टोकाने सांगितलेलं वाटतं, कारण छाती आधीच हवेने भरलेली असते. आमच्या पायलटकाकांनी (108 वर ड्रायव्हरला पायलट म्हणतात) पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "मॅडम, पयलो श्वास सोडा, मगे दार उघडा." आधी सगळा सोडायचा. मग चार मोजत नाकाने घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. पाच-सहा वेळा. गाडी हायवेला लागेपर्यंत तेवढं होतं. कॉलच्या फोनची रिंगटोनही बदला, आणि तीच रिंगटोन घरच्या फोनला ठेवू नका. माझ्या घरी एकदा आईचा फोन वाजला आणि माझ्या हातातला तांब्या पडला, तेव्हा हे सुचलं.

आता गाडी तपासणं. हे मी ड्युटीचा नियम म्हणून सांगत नाही, भीतीवरचं औषध म्हणून सांगते. एका मे महिन्यात किनाऱ्यावर बुडालेल्या मुलाचा कॉल आला. एकोणीस वर्षांचा. तोंडात उलटी होती आणि ती ओढून काढणाऱ्या सक्शन मशीनची बॅटरी उतरलेली होती. सकाळी मी ती तपासली नव्हती. मान वळवून गॉजने तोंड साफ केलं, श्वास दिले, छाती दाबत राहिलो. तो गेला. नंतर वरिष्ठांनी सगळा वेळ मांडून दाखवला, तो पाण्यात फार वेळ होता हे समजावलं. मला ते पटलं आणि झोप मात्र लागली नाही. तेव्हापासून ड्युटीवर आल्या आल्या सक्शन चालू करून बोटाला लावून बघते, लॅरिंगोस्कोपचा (घशात बघायच्या उपकरणाचा) दिवा लावते, अंबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) दाबते, हृदयाला शॉक देणाऱ्या डिफिब्रिलेटरची बॅटरी आणि ॲड्रेनॅलिनची ॲम्प्युल्स मोजते. तोंडाने मोठ्याने बोलत. मनात केलेल्या तपासणीवर रात्री दोन वाजता विश्वास बसत नाही. मोठ्याने म्हटलेलं आठवतं.

ऑक्सिजनचं गणित तर पाठच करा. बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर साधारण 1500 लिटर. मिनिटाला 10 लिटर दिला तर 150 मिनिटं. आमच्याकडून गंभीर पेशंट गोव्याला बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात न्यायचा तर दोन तास धरायचे, म्हणजे अर्धा तास हाताशी. काटा अर्ध्यावर असेल तर 75 मिनिटं, म्हणजे वाटेत बांद्याच्या आसपास संपणार, म्हणजे निघायच्या आधीच दुसरा सिलिंडर घ्यायचा. "ऑक्सिजन पुरेल ना" हे मनात घोळत राहिलं तर दोन तास छळतं. कागदावर मांडलं की अर्ध्या मिनिटात उत्तर मिळतं.

सगळ्यात कठीण हेच लांबचं शिफ्टिंग. अपघाताच्या जागी हाताला काम असतं, भीतीला जागा कमी. घर खाली माडांत, गाडी वर रस्त्यावर, पाऊस, पाणंदीतून स्ट्रेचर आणायचा, भोवती वीस माणसं. तिथे एकच करा: जो जास्त ओरडतो आहे त्याच्या हातात टॉर्च द्या किंवा सलाईनची बाटली द्या. तो शांत होतो, आपणही होतो. पण गाडीचं दार बंद झालं, पेशंट आणि आपण दोघंच उरलो, की मन थेट शेवटाला पळतं. वाटेत पेशंटचं हृदय बंद पडलं तर? लावणीच्या दिवसांत फुरसं (विषारी साप) चावलेल्या एका शेतकऱ्याला नेताना हिरड्यांतून रक्त येत होतं, आणि मला सारखा गोव्याचा नाका दिसत होता. त्या रात्री मी रस्त्याचे तुकडे केले. कसाल, ओरोस, कुडाळ, झाराप, बांदा, पत्रादेवी. विचार फक्त पुढच्या नावापर्यंत करायचा. प्रत्येक नावाला नाडी, बीपी, ऑक्सिजन, श्वास बघायचा, वहीत लिहायचं आणि पायलटला ओरडून सांगायचं. "कुडाळ. बीपी शंभर-साठ." पुढून काकांचं "होय, होय" आलं की आपण एकटे नाही हे कळतं. तुमचा रस्ता वेगळा असेल तर तुमची नावं लिहून काढा, आणि दिवसा एकदा त्या रस्त्याने रिकाम्या गाडीतून जाऊन या.

परत येताना लगेच मोबाईल उघडू नका. हात धुवा, एप्रन बदला, काहीतरी खा. मी डब्यात पेज नेते. रात्रपाळीत दोननंतर चहा बंद, कारण कॅफिनचा निम्मा अंश पाच तासांनीही रक्तात असतो आणि सकाळची झोप जाते. मग पायलटशी दहा मिनिटं बोला: काय झालं, काय बरं जमलं, पुढच्या वेळी काय वेगळं करायचं. पायलटलाही विचारा. तो सगळं बघतो आणि त्याला कुणी विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

ड्युटीनंतरची दारू आणि कपाटातली झोपेची गोळी, दोन्हींपासून लांब राहा. आपल्या हाताशी औषधं असतात, म्हणून हे जास्त जपायचं. छातीत धडधड किंवा दुखत असेल तर "टेन्शन आहे" असं स्वतःच ठरवू नका. ईसीजी काढा, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासा.

एखाद्या वाईट कॉलनंतर चार-आठ दिवस दचकणं, तेच तेच दिसणं चालतं. महिना उलटला आणि तरी तो चेहरा दिसतोय, झोप नाही, एखादा रस्ता टाळता आहात, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जा. मरून जावंसं वाटत असेल तर महिन्याची वाट बघू नका, त्याच क्षणी 14416 लावा. ही टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन 2022 पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं.

मीही मनोविकारतज्ज्ञांकडे गेले, पण पाच महिने उशिरा. तोपर्यंत तो बुडालेल्या मुलाचा किनारा मी पूर्ण टाळला होता. तिकडचा कॉल आला की हात गार पडायचे. डॉक्टरांनी घाई केली नाही. आधी फक्त फाट्यापर्यंत जायचं, भीती उतरेपर्यंत थांबायचं, परत फिरायचं. मग सुरूच्या बनात गाडी लावून बसायचं. मग वाळूत. प्रत्येक पायरी दोन-तीनदा. बहीण सोबत यायची आणि काही बोलायची नाही, तसंच ठरलं होतं. सातव्या खेपेला पाण्यात पाय घातले. ओहोटी होती, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारी माणसं लांब दिसत होती. आम्ही तिथे पाऊण तास होतो, आणि परतताना रापणीवरचे बांगडे घेऊन घरी आलो.