पोटातल्या बाळाच्या किडनीला ‘सूज’: स्कॅनिंगचा कागद कसा वाचायचा

मी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात आशा म्हणून काम करते. बायकांना घेऊन बेळगावला स्कॅनिंगला जाणं माझं नेहमीचंच. तरी किडनीचं हे प्रकरण नीट कळलं ते धाकट्या जावेमुळं. तिच्या पाचव्या महिन्याच्या कागदावर एवढंच होतं: डाव्या किडनीला हलकी सूज. किती, ते नाही. इकडं सासूबाईंनी ठरवूनही टाकलं, ग्रहणात हिनं भाजी चिरली म्हणून! आता भाजीचा आणि किडनीचा काय संबंध?

तर पहिलं काम, आकडा मागायचा. मार लागल्यावर येते तसली ही सूज नव्हे. किडनीच्या आत लघवी गोळा होते ती पिशवी फुगलेली असते, आणि ती पुढून मागं किती रुंद आहे ते मिलिमीटरमध्ये मोजतात. १६ ते २७ आठवड्यांत ४ च्या खाली आणि २८ पासून पुढं ७ च्या खाली असली, बाकी सगळं नीट असलं, तर चिंता नाही. २७ पर्यंत ७ किंवा जास्त, २८ नंतर १० किंवा जास्त झाली तर मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं. मधल्या आकड्यांतली बरीच बाळं आपोआप सुधारतात. म्हणून आकड्याशेजारी आठवडाही हवाच. आम्ही परत जाऊन लिहून आणलं: २० आठवडे, ६ मिलिमीटर.

मग हे विचारा: एकाच बाजूला आहे की दोन्ही? किडनीचा गर पातळ झालाय का, त्यात पाण्याच्या गाठी आहेत का? किडनीतून खाली येणारी नळी दिसते का? (एरवी ती दिसत नाही. दिसली तर फुगलीय.) एका बाजूला किडनीच दिसत नसेल तर ती खाली ओटीपोटात बसलीय का, तेही बघायला सांगा. एका चांगल्या किडनीवर माणूस आयुष्य काढतो.

मूत्राशयाचं मात्र मी डोळ्यांनी बघितलं. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं, काळा गोल, द्राक्षाएवढा. जावेला बाहेर बसवलं, अर्ध्या तासानं परत घेतलं, तर तो चण्याएवढा. “केली बघा शू,” डॉक्टर म्हणाले. भरतं आणि रिकामं होतं, म्हणजे वाट मोकळी आहे. ते सारखं टम्म राहिलं, भिंत जाड दिसली, दोन्ही किडन्या फुगल्या तर लघवीच्या वाटेत पडदा असू शकतो. गर्भाभोवतीचं पाणी चौथ्या महिन्यानंतर मुख्यतः बाळाची लघवीच असते. ते कमी पडलं तर फुप्फुसंही नीट वाढत नाहीत. अशा वेळी थांबायचं नाही, लहान मुलांचे सर्जन असतील तिथंच बाळंतपण ठरवायचं.

आणि मुलगा की मुलगी हे विचारू नका. १९९४ च्या कायद्यानं ते सांगणं गुन्हा आहे, किडनीचं निमित्त असलं तरी.

साधारण ३२ व्या आठवड्यात परत स्कॅनिंग होतं. जावेचं तेव्हा ९ आलं.

खरी गडबड पुढंच होते. आमच्याकडच्या निम्म्या सुनांचं माहेर चंदगड नाहीतर गडहिंग्लजकडं. पहिलं बाळंतपण महाराष्ट्रात, तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदरपणाच्या नोंदीचं कार्ड) आणि स्कॅनिंगचे कागद सासरी कपाटात! तिथल्या डॉक्टरांना काही माहीत नसतं, बाळ दूध पितंय, शू करतंय, सगळे खूश. म्हणून सातव्या महिन्यातच सगळे कागद तारखेप्रमाणं एका पिशवीत लावा आणि वर मोठ्या अक्षरात लिहा: ‘बाळाची किडनी बघायची आहे.’ बाळंतिणीच्या आईला तोंडीही सांगा.

जन्मल्यावर पहिले दोन दिवस बाळाला लघवी कमी होते, सूज खोटी कमी दिसते. त्यामुळं स्कॅनिंग ४८ तासांनंतर करतात. दोन्ही बाजू फुगलेल्या किंवा मूत्राशय अडलेलं असेल तर मात्र लगेच. आमच्या पोराचं पाचव्या दिवशी केलं, ८ आलं, म्हणजे चांगलं. दीड महिन्यानं परत बोलावलं, तेव्हाही गेलो. एकदा चांगलं आलं म्हणून पुढची तारीख सोडू नका.

अशा बाळाला सर्दी-खोकला नसताना ताप आला, तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवी तपासायला सांगा. मेडिकलमधून आणलेलं अँटिबायोटिक आधी पाजलंत तर तपासणीत जंतू सापडतीलच असं नाही.