मोबाइलवर इंग्लिश शिकताय? मग हे करून पाहा

ऑनलाइन इंग्लिशचा मोठा घोळ म्हणजे मटेरियल ढीगभर अन् बोलायला कोणीच नाही. पोट्टे पाच-पाच अ‍ॅप टाकून स्ट्रीक (रोज न चुकता अ‍ॅप उघडल्याचे सलग दिवस) सांभाळत बसतात, अन् इंटरव्ह्यूत स्वतःबद्दल सांगा म्हटलं की तोंडातून शब्द फुटत नाही. एक अ‍ॅप ठेवा, बाकी उडवा.

ऐकायला बीबीसी लर्निंग इंग्लिशचं सिक्स मिनिट इंग्लिश घ्या, फुकट आहे, सोबत ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे बोललेलं सगळं लिहून, तेही मिळते. नागपुरात खापरीहून मेट्रोत बसलं की सीताबर्डी येईपर्यंत एक भाग आरामात दोनदा होते. आधी न वाचता ऐका, मग वाचत ऐका, मग घरी गच्चीवर जाऊन एकेक वाक्य थांबवून त्याच सुरात मोठ्यानं म्हणा अन् स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून दोन्ही लागोपाठ लावा. व्ही अन् डब्ल्यूत आपला घोटाळा होतेच, आपण दोन्हीला 'व'च म्हणतो. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकवा, डब्ल्यूला ओठ गोल, दात लागूच द्यायचे नाहीत. 'व्हेरी वेल' आरशासमोर म्हणा, फरक दिसते.

ए, ॲन, द चं टेन्शन सध्या नको, मराठीत तो प्रकारच नाही, वेळ लागणारच.

इंग्लिश बोलायला पार्टनर नसेल तर मित्राला रोज दहा मिनिटं कॉल करा, विषय साधा, आज तर्री पोहे कुठं खाल्ले, किती तिखट होते. मधात हिंदी घुसली तर घुसू द्या, वाक्य मात्र पूर्ण करायचं.

अन् महिन्याभरात फ्लुएंट करतो म्हणणाऱ्या कोर्सचे पैसे भरायच्या आधी डेमो मागा, बॅचमध्ये किती जण असतात ते विचारा, सगळ्यांना म्यूटवर बसवत असतील तर राहू द्या बावा.