कोळंबीच्या पाण्यावर कालवं वाढवायची तर आधी पाण्याची वाट ठरवा

कोळंबीला आपण जे फीड टाकतो त्यातल्या नायट्रोजनचा जेमतेम पाव भाग तिच्या अंगाला लागतो, बाकीचा विष्ठा, न खाल्लेलं फीड, अमोनिया असा पाण्यात नाहीतर तळाच्या गाळात जातो. म्हणजे फीडवर खर्च केलेल्या पैशातला मोठा हिस्सा सांडपाण्यात. त्या खतावर पाण्यात बारीक शेवाळ माजतं आणि कालवं (ऑयस्टर), हिरवे शिंपले, तिसऱ्या (वाळूत राहणारे लहान शिंपले) हे सगळे शिंपले तेच शेवाळ गाळून खातात. त्यांना वेगळं फीड टाकावं लागत नाही.

पण इथेच बहुतेकांचा घोळ होतो. शिंपले गाळ साफ करत नाहीत, ते शेवाळ खातात. कालव पाणी आत ओढतं, कल्ल्यांवर कण अडवतं, खाण्याजोगे गिळतं आणि नको असलेले चिकट गोळ्या करून बाहेर टाकतं, पाण्यात माती जास्त असली की त्याची सगळी ताकद या गोळ्या करण्यातच जाते आणि ते वाढतच नाही. मी पहिल्यांदा कालवांचे ट्रे सरळ कोळंबीच्या तळ्यात एरेटरजवळ (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) टांगले होते, वाटलं तिथे ऑक्सिजन भरपूर आहे, पण एरेटर तळाची माती सतत उडवत होता आणि महिन्याभरात अर्धे ट्रे चिखलाने बुजले, कालवं मेली. तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच सांगतो, ट्रे विकत घ्यायच्या आधी पाण्याची वाट ठरवा.

वाट अशी. कोळंबीच्या तळ्यातून पाणी आधी एका शांत तळ्यात, जिथे एरेटर नाही आणि माती खाली बसेल. तिथून शिंपल्यांच्या कालव्यात, म्हणजे ट्रे टांगलेल्या पाण्याच्या चरात. तिथून समुद्रशेवाळाच्या भागात, ग्रेसिलारिया चालतं. मग साठवण तळ्यात आणि परत कोळंबीकडे. शांत तळ्यात पाणी निदान काही तास थांबायला हवं, जमलं तर पूर्ण दिवस. थांबणं पुरेसं झालं का ते बघायला त्याच्या शेवटाकडचं पाणी पारदर्शक बाटलीत भरून तासभर न हलवता ठेवा, तळाला मातीचा थर दिसला तर अजून थांबवा, रंग हिरवट आणि तळ स्वच्छ असेल तर ते पाणी शिंपल्यांच्या कामाचं.

समुद्रशेवाळाचा भाग लोक वगळतात, जागा वाचवायला. वगळू नका. शिंपले स्वतः पण अमोनिया सोडतात, म्हणजे त्यांच्यातून गेलेलं पाणी डोळ्याला स्वच्छ दिसतं पण टेस्ट किट लावलं की अमोनिया कधीकधी आत येताना होता त्यापेक्षा जास्त निघतो. तो अमोनिया समुद्रशेवाळच ओढून घेतं.

कुठला शिंपला घ्यायचा हे खारेपणावर ठरवा. व्हॅनामेई ही तळ्यात वाढवायची कोळंबीची जात अगदी कमी क्षारातही जगते, हिरव्या शिंपल्यांना मात्र समुद्राच्या जवळपासचं खारं पाणी लागतं, आणि कालवं मधल्या खारेपणाला चांगली टिकतात. जोरदार पाऊस झाला तर कालव कवच घट्ट मिटून काही दिवस काढतं, हिरव्या शिंपल्याला ते तितकं जमत नाही. तुमच्याकडे खारेपणा वरखाली होत असेल तर कालवंच घ्या, माझं मत तरी हेच. तिसऱ्यांना तळ वाळूचा लागतो, काळ्या चिखलात त्या गुदमरतात.

ट्रे तळापासून हातभर वर टांगा. बीज, म्हणजे वाढवायला आणलेली लहान शिंपली, अगदी बारीक नको, नखाएवढी शिंपली कोळंबी किंवा खेकडा फोडून खातो, कालव्यात या दोघांना जाळीने अडवा. पंधरा दिवसांनी ट्रे बाहेर काढून धुवायचे आणि काही तास सावलीत सुकू द्यायचे, कालव मिटून राहतं आणि त्याच्यावर चढलेले बाकीचे मऊ जीव मरतात.

किती शिंपले टाकायचे याचा पक्का आकडा मी देणार नाही कारण तो तुमच्या पाण्यातल्या शेवाळावर अवलंबून आहे. सुरुवात कमीने करा आणि पहिल्या रांगेतली कालवं आणि शेवटच्या रांगेतली दर महिन्याला मोजून बघा, पहिली भराभर वाढतायत आणि शेवटची तशीच आहेत याचा अर्थ शेवटपर्यंत खाणं पोचतच नाही, म्हणजे शिंपले जास्त झाले. शिंपलेही ऑक्सिजन घेतात, म्हणून पहाटेचं ऑक्सिजनचं रीडिंग कालव्याच्या शेवटीही घ्या, ४ मिलीग्रॅम प्रति लिटरच्या खाली जाऊ देऊ नका.

अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण, रोज नाही पण आठवड्याला तपासाच. कवच बनवायला शिंपला पाण्यातूनच कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढतो आणि कात टाकलेल्या कोळंबीलाही नवं कवच कडक करायला तेच हवं असतं, दोघं एकाच डब्यातून खातात. १०० मिलीग्रॅम प्रति लिटरच्या खाली आली तर खाण्याचा सोडा थोडा थोडा टाकून वर आणा. कळीचा चुना एकदम टाकू नका, पीएच झटकन चढतो आणि आहे तोच अमोनिया जास्त विषारी होतो.

औषधांचं नीट ऐका. ब्लीचिंग, मोरचूद, मासे मारायला वापरतात ती चहाच्या बियांची पेंड, यातलं काही कोळंबीच्या तळ्यात टाकलं तर ते पाणी शिंपल्यांकडे जाता कामा नये, मोरचूद तर शिंपल्यांना फार थोडाही घातक. म्हणून मधे एक फाटक हवंच, वाट तोडता येईल असं. अँटिबायोटिक तर नकोच, शिंपला पाण्यातलं बरंच काही अंगात साठवतो आणि तो पुढे कोणीतरी खाणार आहे.

रोगाचंही तसंच. पांढरे ठिपके रोगाचा विषाणू शिंपल्यांच्या अंगात अडकून राहू शकतो, त्यांना स्वतःला काही होत नाही. म्हणून खडकावरची रानटी कालवं उचलून आणू नका, बीज हॅचरीतूनच घ्या, आणि कोळंबीत रोग आला तर त्या पाण्यातले शिंपले पुढच्या पिकाच्या पाण्याला लावू नका.

वेळेचं गणित बरेच जण विसरतात. व्हॅनामेई १०० ते १२० दिवसांत निघते आणि मग तळं सुकवतात, कालवं मात्र वर्षभर किंवा जास्तही घेतात. तळं सुकतं तेव्हा त्यांना पाणी आणि शेवाळ कुठून मिळणार? दोन कोळंबी तळी असतील तर आलटून पालटून पीक घ्या, नाहीतर साठवण तळं हिरवं ठेवून तेच फिरवा.

काढणी झाल्यावर कालवं थेट विकू नका. यूव्ही (अतिनील) दिव्याखालून काढलेल्या स्वच्छ खाऱ्या वाहत्या पाण्यात साधारण दोन दिवस ठेवा, त्याने पोटातले बरेचसे बॅक्टेरिया निघून जातात, विषाणू आणि विषारी शेवाळाचं विष मात्र पूर्ण जात नाही, म्हणून पाणी लाल किंवा तपकिरी झालेलं असेल तर तपासणी होईपर्यंत काढणीच थांबवा. टाकीतून काढताना प्रत्येक कालवावर टिचकी मारा, जे मिटत नाही ते मेलेलं, ते बाजूला काढा.