कोविडच्या महासाथीत कोणत्या सरकारने काय केले? देशोदेशींच्या निर्बंधांची तुलना अशी करा

‘भारतात कडक लॉकडाऊन होता, स्वीडनमध्ये काहीच नव्हते,’ असे आजही सर्रास ऐकायला मिळते. प्रत्यक्षात स्वीडनने मार्च २०२० मध्ये आधी ५०० पेक्षा जास्त आणि मग ५० पेक्षा जास्त लोकांच्या जमावावर बंदी घातली होती. वरच्या इयत्तांचे आणि विद्यापीठांचे वर्गही ऑनलाइन गेले होते. अशी ढोबळ विधाने टाळायची असतील तर तुलना एकेका नियमाची करावी लागते.

१. प्रश्न आटोपशीर ठेवा. एक उपाय, तीन-चार देश आणि ठरावीक कालावधी पुरेसा आहे. उदाहरणार्थ, ‘मार्च ते जून २०२० मध्ये भारत, न्यूझीलंड आणि जपानमध्ये घराबाहेर पडण्यावर काय निर्बंध होते?’

२. तयार नोंदींपासून सुरुवात करा. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ब्लाव्हाटनिक स्कूल ऑफ गव्हर्नमेंटने २०२० ते २०२२ या काळातल्या १८० हून अधिक देशांच्या रोजच्या नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्यात, मोफत खुल्या ठेवल्या आहेत. त्यात शाळा, कार्यालये, जमाव, प्रवास, चाचण्या आणि लसीकरण यांचे स्वतंत्र रकाने आहेत. घरी थांबण्याच्या नियमाला ० ते ३ अंक मिळतात: ० म्हणजे नियम नाही, १ म्हणजे नुसते आवाहन, २ म्हणजे सक्ती पण किराणा, व्यायाम अशा कामांना मुभा, आणि ३ म्हणजे जेमतेम सवलत. रिकामा रकाना म्हणजे ० नव्हे. तिथे माहितीच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

३. मूळ आदेश वाचा. अंकापेक्षा आदेशातली क्रियापदे जास्त सांगतात. जपानने ७ एप्रिल २०२० रोजी टोकियो, ओसाकासह सात प्रांतांत आणीबाणी जाहीर केली आणि १६ एप्रिलला ती देशभर लागू केली. पण लोकांना घरी थांबण्याची केवळ विनंती होती, दंड नव्हता. म्हणून ‘आणीबाणी’ हा शब्द कितीही जरबेचा वाटला तरी अंक १ च. न्यूझीलंडमध्ये चौथ्या, म्हणजे सर्वांत कडक पातळीवर सक्ती होती, पण घराजवळ फिरायला जाता येत होते, तिथे २.

प्रत्येक आदेशासाठी दोन तारखा टिपा: घोषणेची आणि अंमलाची. भारत आणि न्यूझीलंड दोन्हीकडे लॉकडाऊन २५ मार्च २०२० रोजी लागू झाला. पण न्यूझीलंडने २३ मार्चला घोषणा करून सुमारे ५८ तास दिले, आणि भारतात २४ मार्चच्या रात्री ८ वाजताची घोषणा मध्यरात्री लागू झाली. घरापासून शेकडो मैल लांब राबणाऱ्या मजुराच्या दृष्टीने सगळे धोरण या चार तासांतच होते, आणि कुठल्याही निर्देशांकात ते दिसत नाही. म्हणून ‘पूर्वसूचनेचे तास’ असा रकाना स्वतःच जोडा.

४. व्याप्ती मोजा. नियम देशभर आहे की ठरावीक भागात, यासाठी ऑक्सफर्डच्या नोंदींत वेगळी खूण असते. नियम ठरावीक भागापुरता असेल तर अंकातून ०.५ वजा होतो, मग कमाल अंकाने भागून १०० ने गुणतात. जपानचा हिशेब असा: सात प्रांत असताना (१ − ०.५) ÷ ३ × १०० = १६.७, देशभर झाल्यावर ३३.३. अशा नऊ उपायांची सरासरी म्हणजे ‘कडकपणाचा निर्देशांक’. भारताचा तो २०२० च्या पहिल्या लॉकडाऊनमध्ये १०० वर पोहोचला होता. हा आकडा गुणपत्रिका नाही. कागदावर किती नियम होते तेवढेच तो सांगतो. ते पाळले गेले का, उपयोगी पडले का, हे सांगत नाही.

५. राज्ये वेगळी काढा. इथेच सर्वाधिक चुका होतात, कारण राष्ट्रीय नोंदीत देशातल्या सर्वांत कडक भागाचा नियम धरला जातो. १४ एप्रिल २०२१ च्या रात्रीपासून महाराष्ट्रात ‘ब्रेक द चेन’चे कठोर निर्बंध लागले, पाच दिवसांनी दिल्लीत लॉकडाऊन लागला, केंद्राने मात्र देशव्यापी टाळेबंदी केली नव्हती. राष्ट्रीय ओळ तेवढी वाचली तर सारा भारत बंद होता असे वाटेल. भारतातील राज्ये, अमेरिका, ब्राझील, कॅनडा यांच्या प्रादेशिक नोंदी उपलब्ध आहेत, त्या वापरा.

६. काळ जुळवा. साथ सगळीकडे एकाच दिवशी आली नाही. त्यामुळे एक आलेख तारखेनुसार काढा आणि दुसरा, १०० वा रुग्ण सापडला तो दिवस शून्य धरून.

७. परिणाम सर्वांत शेवटी जोडा. रुग्णसंख्या चाचण्यांवर अवलंबून असते, म्हणून मृत्यूही पाहा. निर्बंधाचा परिणाम त्यात दोन-तीन आठवडे उशिरा उमटतो. लोक खरोखर घरी थांबले का, हे पाहायला गुगलचे वर्दळ-अहवाल (मोबिलिटी रिपोर्ट) आहेत. त्यांत वर्दळीची तुलना ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० या काळाशी केलेली असते. साथ वाढली की सरकारे नियम कडक करतात, त्यामुळे कडक नियम आणि जास्त मृत्यू एकत्र दिसू शकतात. नियमांमुळे मृत्यू वाढले, असा निष्कर्ष त्यावरून काढू नका.