कॅम्परव्हॅन घेऊन महामार्गावर निघताना: वजनकाट्यावर थांबायचे का?

मोठ्या व्हॅनमध्ये झोपण्याची, स्वयंपाकाची आणि पाण्याची सोय करून सहकुटुंब प्रवासाला निघणारे लोक आता बेळगाव, खानापूर आणि निपाणी या पट्ट्यातही दिसू लागले आहेत. कोगनोळी, हत्तरगी किंवा हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर मालमोटारी वजनासाठी बाजूला घेतलेल्या दिसल्या की यांपैकी बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न येतो: आपली गाडीही एवढी मोठी आहे, मग आपणही काट्यावर जायचे का? याचे थोडक्यात उत्तर असे की, प्रवासी वाहन म्हणून नोंदलेल्या खासगी कॅम्परव्हॅनला मालवाहू गाडीसारखे वजनाच्या रांगेत उभे राहावे लागत नाही. परंतु वजनमर्यादेचा कायदा तिलाही लागू आहे, आणि अधिकृत अधिकाऱ्याने थांबण्यास सांगितले तर थांबणे बंधनकारक आहे. या उत्तराचे दोन्ही भाग नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण बरेच जण पहिला भाग लक्षात ठेवतात आणि दुसरा विसरतात.

या बाबतीत गोंधळ होण्याचे एक कारण म्हणजे अमेरिकेतील प्रवासाचे व्हिडिओ. तेथे महामार्गाच्या कडेला वजनतपासणीची स्वतंत्र केंद्रे असतात आणि त्यांसमोरून मोटारहोम न थांबता निघून जाताना दिसतात. तेथील केंद्रीय नियमांत आंतरराज्य व्यापारात वापरल्या जाणाऱ्या १०,००१ पौंड, म्हणजे सुमारे ४,५३६ किलो, किंवा त्याहून अधिक क्षमतेच्या वाहनाला व्यापारी वाहन मानले जाते. केवळ कुटुंबाच्या सहलीसाठी वापरलेले मोटारहोम सहसा या व्याख्येत बसत नाही. मात्र वजनतपासणीचा नियम तेथे प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. काही ठिकाणी तो व्यापारी वापरावर आधारलेला असतो, तर काही ठिकाणी गाडीच्या वजनावर किंवा प्रकारावर. त्यामुळे मुलामुलींकडे अमेरिकेला गेल्यावर जे गाडी भाड्याने घेतात, त्यांनी मार्गावरील प्रत्येक राज्याचा नियम आधी पाहावा, केंद्राबाहेरील फलकावर कोणत्या वाहनांना बोलावले आहे ते वाचावे, आणि सामान हलवण्यासाठी घेतलेल्या भाड्याच्या ट्रकला मोटारहोमचा नियम लावू नये. तेथील सवलत मात्र पुणे-बेंगळुरू महामार्गावर दाखवता येत नाही. इथे आपला मोटार वाहन कायदा, १९८८ चालतो.

या कायद्याची तीन कलमे गाडीमालकाने स्वतः वाचावीत, असे मला मनापासून वाटते. कलम ११३ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या एकूण वजनापेक्षा अधिक वजन झालेले कोणतेही मोटार वाहन किंवा ट्रेलर सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. या वाक्यात ‘मालवाहू’ हा शब्द नाही, त्यामुळे कॅम्परव्हॅनही त्यात येते. कलम ११४ मात्र वेगळे आहे. मालवाहू वाहन किंवा ट्रेलर वजनमर्यादा मोडत आहे असे मानण्यास कारण असेल, तर अधिकृत अधिकारी ते वाहन काट्यावर नेण्यास सांगू शकतो. हा काटा पुढच्या मार्गावर दहा किलोमीटरच्या आत किंवा गाडी जेथे पोहोचायची आहे त्या ठिकाणापासून वीस किलोमीटरच्या आत असावा लागतो. वजन जास्त भरल्यास जादा भार उतरवण्याचा लेखी आदेश देता येतो आणि तो उतरेपर्यंत गाडी तेथून हलवता येत नाही. कलम १९४ दंडाचे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमात जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये, तर सांगूनही थांबण्यास किंवा वजन करू देण्यास नकार देणाऱ्या, अथवा वजनाआधीच भार काढून टाकणाऱ्या चालकाला ४०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. म्हणजे वजन जास्त असण्यापेक्षा वजन टाळणे महाग पडते, हे ध्यानात ठेवावे.

आता तुमची गाडी कोणत्या वर्गात बसते, हे गाडीच्या आकारावरून ठरत नाही. ते आरसीवरून, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरून, आणि गाडीच्या वापरावरून ठरते. म्हणून प्रवासाची तयारी आरसी हातात घेऊन सुरू करावी आणि त्यावरील वाहनाचा वर्ग, रिकामे वजन व एकूण वजन या नोंदी पाहून ठेवाव्यात. कारखान्यातच कॅरव्हॅन म्हणून बांधलेली, किंवा एआयएस-१२४ या मानकानुसार मान्यता घेऊन मोटार कॅरव्हॅन म्हणून नोंदलेली गाडी असेल तर फारसा प्रश्न येत नाही. मालवाहू पिकअप घेऊन तिच्या हौद्यावर लाकडी-पत्र्याची खोली बसवली असेल आणि आरसीवर अजून मालवाहू वाहन असेच लिहिलेले असेल, तर आत गाद्या आणि शेगडी असली तरी कागदोपत्री ती मालगाडीच आहे आणि कलम ११४ तिला थेट लागू होते. शिवाय असा बदल परवानगीशिवाय केला असेल तर कलम ५२ चा भंग होतो. मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. गॅरेजवाला ‘पासिंगचं बघून घेतो’ म्हणतो, त्यावर विसंबू नये. बेळगावचा केए २२ असो वा चिकोडीचा केए २३, आपल्या आरटीओ कार्यालयात बदल नोंदवून घेतल्याशिवाय गाडी महामार्गावर आणू नये.

मोटारीमागे जोडून ओढायची कॅरव्हॅन घेणाऱ्यांनी अधिक सावध राहावे, कारण कायद्याच्या भाषेत ती ट्रेलर आहे. कलम ११४ मध्ये मालवाहू वाहनाच्या जोडीला ट्रेलरचे नाव घेतलेले आहे, आणि कलम ६१ नुसार ट्रेलरचीही नोंदणी करावी लागते. पुढची मोटार खासगी आहे म्हणून मागच्या कॅरव्हॅनचे वजन विचारता येणार नाही, हा समज चुकीचा आहे.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. मालवाहू वाहनाच्या व्याख्येत केवळ मालासाठी बांधलेल्या गाड्याच येतात असे नाही. मुळात तशी न बांधलेली गाडीही माल वाहून नेण्यासाठी वापरली जात असेल तर तीही त्या व्याख्येत येते. चंदगडकडे सहलीला गेलेल्या कुटुंबाने घरी खाण्यापुरते काजू आणले तर तो माल ठरत नाही. परंतु त्याच व्हॅनमधील पलंग दुमडून दुकानासाठी काजूची पोती भरली, तर तेवढ्या फेरीपुरते ‘ही फिरायची गाडी आहे’ असे म्हणण्याचा आधार राहत नाही. कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली असेल तर नंबरप्लेट पाहून घ्यावी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली किंवा स्वतः चालवण्यासाठी देतात ती काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली गाडी व्यावसायिक असते, आणि तिच्या परवान्याची व फिटनेसची कागदपत्रे चालवणाऱ्याजवळ असावी लागतात.

टोलनाक्यावरील रचना समजून घेतली की भीती कमी होते. लेनमध्ये बसवलेली यंत्रणा जाणाऱ्या गाडीचे आस (एक्सल) मोजते, आणि जेथे चालत्या गाडीचे वजन घेण्याची सोय असते तेथे वजनही टिपते. मालमोटारीचे वजन जास्त दिसल्यास तिला बाजूच्या स्थिर काट्यावर पाठवले जाते. कॅम्परव्हॅनच्या बाबतीत येथे होणारा घोळ बहुधा वजनाचा नसून फास्टॅगच्या वर्गाचा असतो. मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेल्या गाडीला मोटारीचा फास्टॅग लावला असेल, किंवा मागे ट्रेलर जोडल्याने आसांची संख्या वाढली असेल, तर वर्ग जुळत नाही आणि लेनमध्येच वाद सुरू होतो. फास्टॅग घेतानाच बँकेला आरसी दाखवून योग्य वर्ग लावून घ्यावा.

परिवहन खात्याची तपासणी ही टोलपेक्षा वेगळी बाब आहे. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाल्यावर विक्रीकराचे सीमानाके बंद झाले, पण परिवहन खात्याचा वाहने तपासण्याचा अधिकार त्यामुळे संपलेला नाही, आणि राज्यसीमेजवळ अशी तपासणी होणे स्वाभाविक आहे. कोल्हापूर किंवा पुण्याकडून येणाऱ्या पाहुण्यांना कन्नड फलक वाचता येत नाहीत. त्यांनी सोबतच्या बेळगावकराकडून ‘सारिगे इलाखे’ म्हणजे परिवहन खाते, ‘तूक’ म्हणजे वजन आणि ‘निल्लिसि’ म्हणजे थांबवा, एवढे शब्द तरी ओळखून घ्यावेत. फलक फक्त मालवाहू वाहनांना बोलावत असेल आणि कोणी हात केलेला नसेल, तर वेग कमी ठेवून सरळ पुढे जावे. हात केला तर मात्र डाव्या बाजूचा दिवा देऊन गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि ‘साहेब, ही गाडी प्रवासी वाहन म्हणून नोंदलेली आहे, ही आरसी बघा,’ असे शांतपणे सांगावे. कागदपत्रे डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधून मोबाइलवर दाखवली तरी चालतात. एवढ्यावर बहुतेक वेळा विषय मिटतो. न मिटल्यास आणि वजन करण्यास सांगितल्यास, वाद न घालता काट्यावर जावे, वजनाची पावती मागून घ्यावी आणि दंड किंवा भार उतरवण्याचा आदेश असेल तर तो लेखी घ्यावा. हरकत असेल तर ती नंतर कागदावर घेता येते. रस्त्यात गाडी पळवून ती सिद्ध होत नाही.

तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की, कोणी बोलावण्याची वाट न पाहता कॅम्परव्हॅनचे वजन आपणच करून घ्यावे. ऊस घालणाऱ्या आपल्या भागातील शेतकऱ्याला काट्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही, मग लाखो रुपये घालून गाडी बांधणाऱ्याने ते का विसरावे? गावाजवळच्या एखाद्या खासगी वजनकाट्यावर गाडी न्यावी. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे का ते पाहावे, आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरची रांग असते म्हणून सकाळी लवकर जावे. पहिले वजन डिझेलची टाकी भरलेली, पण पाणी, सामान आणि माणसे नसलेल्या गाडीचे घ्यावे.

एक उदाहरण घेऊ. समजा आरसीवर एकूण वजन ३,५०० किलो आहे आणि प्लायवूडची कपाटे, पलंग, बॅटऱ्या व छतावरचे सोलर पॅनेल बसवल्यानंतर पहिल्या पावतीवर २,७८० किलो आले. म्हणजे उरले ७२० किलो. चालकासह पाच माणसे सरासरी ६५ किलोची धरली तर ३२५ किलो झाले. पाण्याच्या एका लिटरचे वजन एक किलो असते, त्यामुळे दीडशे लिटरच्या टाकीचे १५० किलो झाले. अंथरुणे, कपडे, बॅगा १२०, आणि शेगडी, लहान सिलिंडर, भांडी, शिधा मिळून १००. बेरीज ६९५ किलो. शिल्लक फक्त २५. परतताना खानापूरच्या नातेवाइकांनी प्रेमाने तांदळाचे ५० किलोचे पोते चढवले की गाडी मर्यादेबाहेर गेली. पाहणाऱ्याला गाडी ओव्हरलोड वाटणारही नाही, कारण त्यातील माणसांनंतरचा सर्वांत मोठा भार, म्हणजे पाणी, दिसतच नाही.

दुसरे वजन सर्व सामान आणि माणसांसह घ्यावे, आणि ते तीन वेळा घ्यावे: आधी फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून, मग पूर्ण गाडी, आणि शेवटी फक्त मागची चाके ठेवून. काटेवाल्याला आधी सांगितले तर तो तशा तीन पावत्या देतो. पुढचे आणि मागचे वजन मिळून एकूण वजनाच्या जवळपास येते, आणि कोणत्या आसावर किती भार आहे ते कळते. पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि सामानाचे कपाट हे सगळे मागच्या चाकांच्याही मागे बसवलेले असेल तर मागचा आस दबतो, पुढचा हलका होतो आणि स्टिअरिंग सैल लागते. अशी गाडी वंटमुरी किंवा तवंदी घाटातून कदाचित निभावून जाईल, पण कणकुंबीपुढे चोर्ल्याच्या ओल्या वळणांवर ती धोकादायक ठरते. टायरची मर्यादाही प्रत्येक आसानुसार पाहावी लागते. टायरच्या बाजूवर भारक्षमतेचा अंक छापलेला असतो.

वजन जास्त भरले तर काय कमी करायचे याचा क्रम ठरलेला असावा. सर्वांत आधी पाणी कमी करावे, कारण बेळगावहून गोव्यापर्यंत भरलेली टाकी वाहून नेण्याची गरज नसते. तीस-चाळीस लिटर ठेवून बाकीचे मुक्कामी भरता येते. त्यानंतर छतावरील सामान काढावे, कारण ते वजनाबरोबर गाडीचा तोलही बिघडवते, आणि गाडीच्या बॉडीबाहेर किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेलेल्या भारासाठी कलम १९४ मध्ये वेगळा २०,००० रुपयांचा दंड आहे. जे मागे आहे त्यातील जड वस्तू दोन्ही आसांच्या मधल्या भागात, खाली फरशीलगत आणाव्यात. बदल केल्यावर पुन्हा काट्यावर जाऊन नवी पावती घ्यावी, आणि ती आरसीच्या प्रतीसोबत गाडीतच ठेवावी, म्हणजे वाटेत वजनाचा प्रश्न निघाला तर अधिकाऱ्याला दाखवण्यासाठी तारीख आणि आकडा दोन्ही हाताशी असतात.