थंडीत सकाळी दुसरा गिअर अडतो? या चुका टाळा

माझी शिफ्ट सातची. ठाण्यातल्या वाघबीळहून सव्वासहाला गाडी काढते, कळव्यावरून ऐरोलीला जाते. एरवी वर्षभर गिअर लोण्यासारखा पडतो. डिसेंबरमध्ये पारा १६-१७ अंशांवर उतरला, की सोसायटीच्या गेटबाहेर पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना दांडा मध्येच थबकतो. मानपाडा ओलांडेपर्यंत तो हळूहळू सैल होतो आणि कापूरबावडीच्या सिग्नलला काही झालंच नव्हतं असा चालतो. आमच्या पार्किंगमध्ये मॅन्युअल गाडी असलेल्या चार-पाच जणांची हीच तक्रार आहे, आणि त्यावर प्रत्येक जण जे उपाय करतो त्यातले निम्मे गाडीचं नुकसान करणारे आहेत. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी कारण. गिअरबॉक्समधलं तेल थंडीत घट्ट होतं. इंजिनात इंधन जळतं, त्यामुळे ते काही मिनिटांत तापतं. गिअरबॉक्समध्ये काहीच जळत नाही. चाकं फिरतात, तेल घुसळलं जातं, शेजारच्या इंजिनाची थोडी ऊब लागते, एवढीच काय ती उष्णता. त्यामुळे डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मध्यावर आला तरी गिअरबॉक्स अजून थंडच असतो. तो काटा इंजिनाच्या कूलंटचा आहे, गिअरच्या तेलाचा नाही.

दहा-दहा मिनिटं गाडी जागेवर तापवणं

काट्याचं हे गणित लक्षात आलं की ही चूक आपोआप कळते. न्यूट्रलमध्ये उभी गाडी कितीही वेळ चालू ठेवली तरी गिअरबॉक्स जेमतेम कोमट होतो. वर थंड इंजिनात पेट्रोल जास्त जातं, त्यातलं थोडं इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ते पातळ करतं. ठाण्याच्या थंडीत अर्धा ते एक मिनिट पुरे. चालू केल्यावर इंजिनाचे फेरे हजार-बाराशेच्या आसपास असतात, ते खाली यायला लागले की निघा. पहिले दोन-तीन किलोमीटर अडीच हजारांच्या वर नेऊ नका. खरी तापवणी चालत्या गाडीतच होते.

एक गोष्ट कळकळीने सांगते. बंद बेसमेंटमध्ये गाडी चालू ठेवून बसू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि पहाटे तिथे आपला वॉचमन आणि गाड्या पुसणारी मुलं असतात.

दांडा जोरात रेटणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. गिअर बदलताना वेगवेगळ्या वेगाने फिरणारे दोन भाग जुळवायचे असतात. ते काम सिंक्रोनायझरच्या रिंगा करतात. त्या बहुधा पितळेच्या असतात आणि घर्षणाने वेग जुळवतात. त्यासाठी रिंग आणि समोरच्या गिअरचा शंकूसारखा भाग यांच्यामधलं तेल आधी बाजूला सरावं लागतं. घट्ट तेल लवकर सरत नाही, म्हणून रिंगेला क्षणभर जास्त लागतो. हाताला जाणवणारी ती अडचण म्हणजे रिंग ‘थांब, अजून जुळलं नाही’ म्हणते आहे. तेव्हा रेटलं की कर्रकन आवाज येतो आणि रिंग झिजते. पहिल्या-दुसऱ्यात वेगाचा फरक सर्वात मोठा, म्हणून त्रासही तिथेच जास्त.

उपाय सोपा आहे. क्लच पूर्ण दाबा, दांडा न्यूट्रलमध्ये आणा, मनात ‘एक’ म्हणा, मग दोन बोटांच्या दाबाने दुसऱ्याकडे न्या. तरी अडला तर न्यूट्रलमध्ये क्लच सोडा, पुन्हा दाबा आणि मग टाका. जुन्या एसटीचे ड्रायव्हर डबल क्लच मारायचे ते हेच. सिंक्रोनायझर पहिल्यांदा १९२८ मध्ये कॅडिलॅक गाड्यांत आला. त्याआधी सगळ्यांनाच असं चालवावं लागे. थंड गाडीला पहिले दोन किलोमीटर हा मान दिला तर रिंगा वर्षानुवर्षं टिकतात.

क्लच न दाबता सेल्फ मारणं

न्यूट्रल आहे म्हणून क्लच सोडूनच चावी फिरवायची सवय अनेकांना असते. क्लच सोडलेला असला की स्टार्टरला इंजिनाबरोबर गिअरबॉक्सचा शाफ्टही त्या घट्ट तेलात फिरवावा लागतो. थंडीत बॅटरीचा जोर आधीच कमी असतो. क्लच दाबला की तेवढं ओझं उतरतं. नुसतं टक-टक ऐकू आलं तर सेल्फ मारत राहू नका. दिवे मंद होतायत का बघा, बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवट थर असेल तर साफ करा. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर तपासून घ्या.

रॅम्पवर रेस आणि हाफ क्लच

बेसमेंटच्या रॅम्पवर थंड गाडी बंद पडेल या भीतीने लोक भरपूर रेस देऊन अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरतात. जळका वास येतो तो क्लच प्लेटचा. हँडब्रेक ओढा, क्लच चावायच्या जागेपर्यंत सोडा, थोडा रेस द्या, गाडी पुढे ओढायला लागली की हँडब्रेक सोडा.

सीएनजीवाल्यांसाठी वेगळं. बहुतेक किट गाडी पेट्रोलवर चालू करतात आणि इंजिन ठरावीक तापलं की गॅसवर जातात. थंडीत पेट्रोलवरचा हा वेळ वाढतो. टाकीत पेट्रोल तळाला ठेवलं तर गाडी नेमकी रॅम्पवर गचके देते, शिवाय पेट्रोलमध्ये बुडून थंड राहणारा पंपही जळू शकतो. पाच-सहा लिटर पेट्रोल कायम ठेवा.

गिअर ऑइल कुठलंही चालतं असं समजणं

हे मला पैसे आणि झोप घालवून कळलं. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये सर्व्हिसिंगला गिअर ऑइल बदललं. डिसेंबर आला आणि दुसरा गिअर मानपाडाच काय, कळव्याच्या पुलापर्यंत अडू लागला. त्याच गॅरेजने सांगितलं की सिंक्रो गेलेत, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून मी दोन रात्री हिशेब मांडत होते. मग शेजारच्या काकांनी त्यांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे पाठवलं. त्यांनी एकच विचारलं, “ताई, गरम झाल्यावर पडतो ना नीट? मग खोलायची घाई नको. आधी तेल बघू.”

खालचा प्लग काढला. तेल काकवीसारखी तार धरून खाली आलं. मिस्त्रींनी ते अंगठ्या-तर्जनीत चोळलं आणि गाडीचं मॅन्युअल मागितलं. त्यात ७५ डब्ल्यू-८० लिहिलेलं होतं, भरलेलं होतं ८० डब्ल्यू-९०. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं तेल थंडीत पातळ राहतं. मिस्त्रींनी प्लगवरच्या चुंबकाला चिकटलेली राखाडी पेस्टही दाखवली. अशी बारीक पेस्ट असणं नेहमीचं, तिथे लोखंडी किंवा काढलेल्या तेलात पितळी कपचे दिसले तर मात्र काळजी करायची. नवं तेल दोन लिटरच्या आसपास लागलं. दुसऱ्या सकाळी मानपाड्याच्या आधीच गिअर सुरळीत होता.

तेल बदलताना डबा समोर उघडायला सांगा आणि त्यावरचा ग्रेड मॅन्युअलशी जुळवा. मॅन्युअलमध्ये जीएल-४ (हा गिअर ऑइलचा दर्जा) असेल तर ‘भारी आहे’ म्हणून जीएल-५ भरू देऊ नका. ते काही गाड्यांच्या पितळी रिंगांना मानवत नाही.

थंडीचा त्रास आणि खरा बिघाड

मिस्त्रींचा तो प्रश्न मी आता सगळ्यांना विचारते. फक्त सकाळी अडतो आणि पाच-सात किलोमीटरनंतर सुटतो? मग तेलाकडे बघा. गरम झाल्यावरही अडतो, पण इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात? मग क्लच पूर्ण सुटत नाहीये. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून क्लच दाबा, चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तरी कर्र वाजला तर शंका पक्की. केबलवाल्या गाडीत केबल ताणली गेलेली असते, हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये तेल कमी झालेलं किंवा हवा शिरलेली असते. तिथे ब्रेक ऑइलच वापरतात. ते ओलावा शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलून घ्या. आणि एकाच गिअरला, भर दुपारीसुद्धा आवाज येत असेल तर त्या गिअरची रिंग झिजली आहे, तेव्हा गिअरबॉक्स खोलावाच लागतो.

नाशिककडे जाणाऱ्यांसाठी

हिवाळ्यात नाशिक-निफाडकडे पारा दहाच्याही खाली जातो. रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी तिथे सकाळी आपल्या सवयीपेक्षा बराच जास्त वेळ ताठ राहते. ती वेळ धरून निघा. परतताना कसारा घाट न्यूट्रलमध्ये उतरू नका. धुक्यात ओल्या वळणावर गाडी गिअरमध्येच हवी, आणि चालू गाडीत न्यूट्रलमधून पुन्हा गिअर टाकायला त्या वेळी उसंत मिळत नाही. इगतपुरी सोडतानाच तिसरा टाका, वळणं आवळली की दुसरा. उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि खाली कसाऱ्याला पोहोचेपर्यंत ब्रेक थंड राहतात.