गोठा सांभाळून वणव्यावर जाणाऱ्यांसाठी

भोर तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात मी भातशेती करतो, दोन म्हशी, एक गाय आणि काही शेळ्या सांभाळतो आणि उन्हाळ्यात गावातल्या तरुणांबरोबर वणवा विझवायला जातो. शहरातली नोकरी सोडून अशा गावात येऊ पाहणारे बरेच जण मला विचारतात, की जनावरांचे बांधून टाकणारे काम आणि कधीही उठून डोंगरावर जाण्याची ही सेवा एकत्र कशी जमते. ती जमते, मात्र वणव्याची खरी तयारी दिवाळीनंतरच्या गवतकापणीत आणि गोठ्याच्या वेळापत्रकात करावी लागते.

आमचा दिवस पहाटे शेण काढण्यापासून सुरू होतो. गव्हाणीत वैरण टाकायची, आंबोण म्हणजे भिजवलेला पेंड-भुशाचा खुराक ठेवायचा, कास कोमट पाण्याने धुवायची आणि धार काढून दूध संकलन केंद्र बंद होण्याआधी पोहोचवायचे. तिथे दुधातले फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरणारे घन घटक) पाहून दर ठरतो. संध्याकाळी हेच सगळे पुन्हा करायचे असते आणि दोन धारांमध्ये साधारण बारा तासांचे अंतर राखावे लागते. धार वारंवार चुकली तर दूध आटते आणि कासेला दगडी, म्हणजे कास सुजून कडक होण्याचा आजार, होण्याचा धोका वाढतो. वणवा मात्र बहुतेकदा दुपारच्या वाऱ्यावर पसरतो, म्हणजे संध्याकाळच्या धारेची वेळ झालेली असताना आपण डोंगरावर अडकलेले असतो. म्हैस परक्या हाताला सहजासहजी पान्हा घालत नाही. म्हणून शेजारच्या एखाद्या काकूंना किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाला हिवाळ्यातच अधूनमधून धारेला बसवून म्हशीला त्यांच्या हाताची सवय लावावी. ही सोय झाल्याशिवाय कोणी वणव्यावर येण्याचा शब्द देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पावसाळा संपला की डोंगरउतारावरचे कुसळी गवत वाळू लागते. ते वेळेत कापले तर जनावरांची वैरण होते आणि राहिले तर वणव्याचे जळण होते, म्हणून विळा घेऊन केलेली ही कापणी मी आगीविरुद्धचेच काम मानतो. भारे बांधून गंजी रचताना ती गोठ्यापासून पुरेशी दूर असावी आणि तिच्याभोवतीची जमीन खरवडून मोकळी ठेवावी. गावाच्या वरच्या अंगाला गवत व पालापाचोळा काढून जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, घेतली जाते. वनविभागही आपल्या हद्दीत हे काम करतो. पुढे वाऱ्याने पाचोळा पुन्हा त्या पट्ट्यात येऊन पडतो, त्यामुळे होळीच्या सुमारास तो पुन्हा झाडावा लागतो.

आगीचे एक कारण आपल्या शेतातच असते. भाताच्या रोपांसाठी राब भाजताना, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळताना, निघालेली ठिणगी बांधापलीकडच्या गवतात जाते. राब भाजायचाच असेल तर सकाळी, वारा पडलेला असताना, कडेने जमीन साफ करून, पाण्याचे हंडे आणि चार माणसे जवळ ठेवून भाजावा. डोंगर जाळला की गवत जोमाने येते, ही समजूत अजूनही आहे. प्रत्यक्षात राख पहिल्या पावसात ओढ्याला जाते, उघडी पडलेली माती तिच्यामागून वाहते आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटवीसारख्या पक्ष्यांची घरटी जळून जातात. मला त्याचे फार वाईट वाटते.

प्रत्यक्ष विझवताना जांभळीसारख्या झाडाचा ओला, पानांनी भरलेला डहाळा वापरतात. नवखा माणूस तो डोक्यावर नेऊन जोरात हाणतो आणि त्यामुळे निखारे उडून न जळलेल्या गवतात पडतात. डहाळा कमरेपेक्षा वर न उचलता ज्वाळेच्या मुळाशी दाबायचा आणि जळालेल्या बाजूकडे ओढायचा. आग चढावर वेगाने धावते, त्यामुळे तिच्या वरच्या बाजूला, विशेषतः घळीत, कधीही उभे राहू नये. कडेने, जळालेल्या जमिनीवर पाय ठेवून पुढे सरकावे आणि परत फिरण्याची वाट आधीच पाहून ठेवावी. वाऱ्याचा जोर असेल तर माघार घेऊन जाळरेषेवर थांबणे शहाणपणाचे असते. रात्री हवा गार होऊन वारा मंदावला, की तीच आग आटोक्यात येऊ शकते. सुती कपडे, जाड तळाचे बूट, तोंडाला ओला पंचा, विजेरी आणि पुरेसे पाणी एवढे हवेच. पॉलिस्टरचे कपडे वितळून कातडीला चिकटतात.

आग वस्तीकडे येत असेल तर आधी गोठा मोकळा करावा. दावे एका झटक्यात सुटेल अशाच गाठीने बांधलेले असावे, कारण घाबरलेले जनावर ओढ घेते तेव्हा साधी गाठ आवळत जाते. जनावरे नांगरलेल्या किंवा गवत नसलेल्या खाचरात नेऊन बांधावीत. नुसती सोडून दिली तर ती सवयीने गोठ्याकडे परत येण्याची भीती असते.

धूर दिसताच वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे आणि मगच निघावे. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगींच्या सूचना नोंदणी केलेल्यांच्या मोबाइलवर पाठवते. मात्र उपग्रह ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो, त्यामुळे गुराख्याची हाक अनेकदा आधी पोहोचते. पहिल्या उन्हाळ्यात नव्या माणसाने ज्वाळेसमोर जाऊ नये. त्याने पाणी पोहोचवावे, जाळरेषेवर उडून येणाऱ्या ठिणग्यांवर लक्ष ठेवावे आणि आग विझल्यावर धुमसणारी खोडे व शेणाच्या गोवऱ्या शोधून त्यांवर माती टाकावी. विझलेला वणवा अशाच ठिकाणाहून दुसऱ्या दुपारी पुन्हा उठतो, म्हणून सकाळची धार आटोपली की कोणीतरी त्या जागेवर पुन्हा फेरी मारून यायलाच हवे.